बारामती-इंदापूर परिसरातील अवकाळी पाऊस व त्याचा अंदाज

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती व इंदापूर या तालुक्यांत फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, म्हणजे नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या हंगामाबाहेर, मेघगर्जनेसह जो अल्पकालीन पाऊस पडतो त्याला अवकाळी पाऊस म्हणतात. त्याच्यासोबत अनेकदा सोसाट्याचा वारा व विजांचा कडकडाट असतो आणि क्वचित गारपीट होते. वार्षिक पर्जन्यात या पावसाचा वाटा नगण्य असला, तरी तो ऐन सुगीत आणि द्राक्षांच्या तोडणीच्या दिवसांत येत असल्याने त्याचे आर्थिक महत्त्व मोठे आहे. भारतीय हवामानशास्त्र विभाग जानेवारी-फेब्रुवारी हा हिवाळा व मार्च ते मे हा मोसमीपूर्व हंगाम मानतो. अवकाळी पाऊस या दोन्ही हंगामांत मोडतो.

या पावसाचा अंदाज विभागासाठी व जिल्ह्यासाठी पुष्कळदा चार-पाच दिवस आधी देता येतो. एखाद्या गावासाठी, उदाहरणार्थ बारामती-इंदापूर रस्त्यावरील पिंपळीसाठी, तो तितक्याच खात्रीने देता येत नाही. प्रस्तुत लेखात पावसाच्या कारणांबरोबर अंदाजाच्या या मर्यादेचाही विचार केला आहे.

== संज्ञा ==

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांचे पावसाचे गणित परंपरेने नक्षत्रांवर चालते. मृगापासून हस्तापर्यंतची नक्षत्रे पावसाची मानली जातात आणि परतीच्या पावसासाठी चित्रा व स्वातीही मोजली जातात. पंचांगांत पर्जन्यनक्षत्रांना बेडूक, म्हैस, हत्ती, मोर, उंदीर, गाढव अशी वाहने दिलेली असतात व त्यांवरून पावसाचे मान सांगण्याची प्रथा आहे. फाल्गुन-चैत्रातील पावसाला असे नक्षत्रही नाही आणि वाहनही नाही. त्याला नेमलेला काळच नसल्याने तो ‘अवकाळी’ ठरतो. शासकीय कागदपत्रांत यासाठी ‘अवेळी पाऊस’ हा शब्दप्रयोग रूढ आहे.

एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेअखेरपर्यंत दुपारनंतर पडणाऱ्या गडगडाटी पावसाला ‘वळीव’ किंवा ‘वळवाचा पाऊस’ म्हणतात. वळीव सहसा हवासा असतो, अवकाळी नकोसा. दोघांच्या ढगांची घडण मात्र बरीच सारखी असते. नावातील हा भेद आकाशापेक्षा शेतात त्या वेळी काय उभे आहे यावर अधिक अवलंबून आहे: मे महिन्यात रान मोकळे असते, मार्चमध्ये ते भरलेले असते.

भारतीय ऋतुचक्रात वसंत ऋतू चैत्र व वैशाख या महिन्यांचा आहे. वसंत पंचमी माघात येत असली, तरी फाल्गुन हा शिशिराचा महिना होय. त्यामुळे इंग्रजी दिनदर्शिकेनुसार मार्चमध्ये होणारा वसंतारंभ येथील शिशिराच्या अखेरीशी जुळतो.

== भौगोलिक पार्श्वभूमी ==

बारामती व इंदापूर हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. पुणे जिल्ह्याच्याच पश्चिमेकडील घाटमाथ्यावर पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर या तालुक्यांत वर्षभराची सरासरी साधारणतः ५०० ते ६०० मिमी एवढीच आहे. तीही मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरमधील पावसावर अवलंबून असते. मार्च महिन्याची सरासरी काही मिलिमीटरांच्या पलीकडे जात नाही.

ही मार्चची सरासरी वाचताना थोडी सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. बहुतेक वर्षी या महिन्यात एक थेंबही पडत नाही आणि एखाद्या वर्षी एकाच संध्याकाळी वीस-पंचवीस मिलिमीटर कोसळतो. दोहोंची सरासरी काढली की जो आकडा हाती येतो, तेवढा पाऊस प्रत्यक्षात क्वचितच कोणी पाहिलेला असतो. दहा मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे चाळीस हजार लिटर पाणी. एवढे पाणी अर्ध्या तासात पडले, तर काढून पसरलेला कांदा वाचवायला सवड मिळत नाही.

निरा डाव्या कालव्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या भागात बागायती पट्टा निर्माण झाला. उजनी धरणाच्या जलाशयामुळे इंदापूरच्या भीमाकाठीही बागायत वाढली. ऊस हे या पट्ट्याचे मुख्य पीक असून सोमेश्वर, माळेगाव आणि भवानीनगर येथील सहकारी साखर कारखाने त्यावर उभे आहेत. इंदापूर तालुक्यात द्राक्षे व डाळिंब यांच्या बागा असून बोरी हे गाव द्राक्षांसाठी परिचित आहे. कालव्यापासून दूर, विशेषतः सुपे परिसरात, जिरायती शेती असून तेथे रब्बी ज्वारी महत्त्वाची आहे. एकाच सरीचा परिणाम या दोन पट्ट्यांत वेगवेगळा होतो.

== निर्मिती ==

फेब्रुवारी-मार्चमध्ये मध्य महाराष्ट्रावर सामान्यतः उत्तरेकडील व वायव्येकडील कोरडे वारे वाहतात व आकाश निरभ्र असते. ही स्थिती बदलण्यास बहुधा दोन घटना एकत्र याव्या लागतात.

पहिली घटना म्हणजे पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे उत्तर भारतात येणाऱ्या या प्रणालीमुळे काश्मीर व हिमाचल प्रदेशात बर्फवृष्टी होते. तिची द्रोणी पुरेशी दक्षिणेकडे उतरली, तर महाराष्ट्रावरील वरच्या थरांतील हवा थंड होते. दुसरी घटना म्हणजे समुद्रावरून होणारा बाष्पाचा पुरवठा. बंगालच्या उपसागरावर प्रतिचक्रवात स्थिरावला, की त्याच्या दक्षिण व पश्चिम कडेने दमट आग्नेय वारे आंध्र प्रदेश व तेलंगणामार्गे आत शिरतात. अरबी समुद्रावरूनही बाष्प येऊ शकते. हे दमट वारे आणि वायव्येकडील कोरडे वारे जेथे समोरासमोर येतात, तेथे वाऱ्यांच्या खंडिततेची एक रेषा तयार होते. विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकाच्या अंतर्भागातून दक्षिणेकडे जाणाऱ्या अशा रेषेचा उल्लेख या दिवसांतील हवामानवृत्तांत वारंवार आढळतो. ती पूर्वेकडे राहिली तर पाऊस लातूर-नांदेडकडे पडतो आणि पश्चिमेकडे सरकली तर सोलापूर, इंदापूर, बारामती तिच्या टप्प्यात येतात. शे-दीडशे किलोमीटरांचा हा फरक अंदाज करणाऱ्यांना सर्वाधिक सतावतो.

उरलेले काम ऊन करते. मार्चमध्ये या परिसरात दुपारचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. तापलेली हवा वर चढते, दुपारी दोन-तीनच्या सुमारास ढगांचे कोंब दिसू लागतात आणि परिस्थिती अनुकूल असल्यास तास-दोन तासांत क्युम्युलोनिंबस प्रकारचे उंच गडगडाटी ढग तयार होतात. पाऊस बहुधा दुपारी चार ते रात्री आठ या वेळेत पडतो. एका ढगपेशीचे आयुष्य अर्धा ते एक तास एवढेच असते व तिची रुंदी काही किलोमीटरच भरते. म्हणूनच काटेवाडीत रस्ता वाहून निघाला आणि पिंपळीत फक्त धूळ उडाली, असे घडू शकते.

या दिवसांत ढगाखालची हवा कोरडी असते. पुष्कळ पाऊस जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच हवेत विरून जातो. त्या बाष्पीभवनाने थंड व जड झालेली हवा खाली आदळून चहूकडे पसरते आणि सोसाट्याचा वारा सुटतो. पाऊस नाममात्र आणि वारा मात्र केळीच्या बागा मोडणारा, हा अनुभव यामुळेच येतो. गारांचे कारण वरच्या थरांत सापडते. फेब्रुवारी-मार्चमध्ये शून्य अंश तापमानाची पातळी पावसाळ्याच्या तुलनेत खाली असते. ढगाचा मोठा भाग तिच्या वर जातो आणि पडणाऱ्या गारांना वितळण्यास अंतर कमी मिळते. पावसाळ्यात ढग मुबलक असूनही गारा जवळजवळ पडत नाहीत, त्याचे हे एक मुख्य कारण आहे.

== अंदाजाची परिभाषा ==

हवामान विभागाच्या वर्गीकरणात महाराष्ट्र व गोवा मिळून कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा व विदर्भ असे चार उपविभाग असून पुणे जिल्हा मध्य महाराष्ट्रात येतो. ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस, ताशी ३० ते ४० किमी वेगाने वारे’ अशा स्वरूपाचे वाक्य मार्चच्या अंदाजात नेहमी दिसते. त्यातील जवळजवळ प्रत्येक शब्दाला ठरलेला अर्थ आहे, आणि तो माहीत नसल्याने अंदाजावर अकारण रोष ओढवतो.

‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या क्षेत्रातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस अपेक्षित आहे. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, त्यापुढची पायरी ५१ ते ७५ टक्क्यांची, आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे ७५ टक्क्यांहून अधिक. वसंतातील बहुतेक अंदाज ‘तुरळक’ या पहिल्याच पायरीवरचे असतात. याचा सरळ अर्थ असा की अंदाज शंभर टक्के खरा ठरला, तरी चारांपैकी किमान तीन केंद्रे कोरडीच राहतील. त्या तिघांच्या आसपास राहणारे लोक अंदाज चुकला असे म्हणतील आणि चौथ्याच्या परिसरातील बागायतदार ‘तुरळक’ हा शब्द आपल्या नुकसानीपुढे फारच सौम्य होता असे म्हणेल.

पावसाचे प्रमाणही असेच ठरलेले आहे. २४ तासांत २.५ ते १५.५ मिमी पाऊस हा ‘हलका’, १५.६ ते ६४.४ मिमी ‘मध्यम’, ६४.५ ते ११५.५ मिमी ‘जोरदार’ आणि त्यापुढे ‘अतिजोरदार’ व ‘अत्यंत जोरदार’ समजला जातो. ही मापे मोसमी पावसाच्या दृष्टीने सोयीची आहेत. परिपक्व द्राक्षबागेच्या दृष्टीने मात्र ‘हलका’ पाऊसही हलका नसतो.

इशाऱ्यांसाठी चार रंग वापरले जातात. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे कृती करा. रंग केवळ पावसाच्या प्रमाणावरून ठरत नाही. संभाव्य परिणाम आणि घटनेची शक्यता यांचाही त्यात विचार असतो. त्यामुळे मार्चमध्ये पावसाचा आकडा लहान असूनही वारा, वीज व गारा यांमुळे पिवळा किंवा नारंगी रंग दिला जातो.

तारखांविषयीही गैरसमज होतो. हवामान विभागाची पर्जन्यनोंद दररोज सकाळी साडेआठ वाजता घेतली जाते व ती आधीच्या २४ तासांची असते. शनिवारी संध्याकाळी पडलेला पाऊस रविवारच्या तारखेखाली नोंदला जातो आणि रविवारी संध्याकाळचा सोमवारच्या. अंदाजातील ‘दिवस’ही याच पद्धतीने, सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात. शनिवार-रविवारचा पाऊस नोंदवहीत शोधताना हे लक्षात ठेवावे लागते.

=== शनिवार-रविवारचा अंदाज कसा बदलत जातो ===

ग्रामीण कृषी मौसम सेवेअंतर्गत जिल्हानिहाय कृषी-हवामान सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शुक्रवारी, प्रसिद्ध होतो. त्यात पुढील पाच दिवसांचा पाऊस, कमाल व किमान तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग व दिशा आणि आकाशातील ढगांचे आच्छादन दिलेले असते. ढगांचे मोजमाप शून्य ते आठ या ‘ऑक्टा’ परिमाणात करतात; आठ म्हणजे पूर्ण झाकोळलेले आकाश.

मंगळवारच्या सल्ल्यात शनिवार-रविवार हे टोकाचे दिवस असतात. या टप्प्यावर झंझावात येत आहे व दमट वारे आत शिरतील, एवढे सांगता येते. शुक्रवारपर्यंत खंडिततेची रेषा साधारण कोठे असेल ते स्पष्ट होते आणि जिल्ह्याला रंग मिळतो. शनिवारी दुपारी मात्र दोन्ही सल्ले मागे पडतात. तेव्हापासून उपग्रह व रडार यांच्या आधारे काढलेला, पुढील तीन तासांपुरता ‘तात्काळ अंदाज’ महत्त्वाचा ठरतो. इन्सॅट मालिकेतील उपग्रहांची चित्रे अर्ध्या तासाच्या आत नवी मिळतात. ढगपेशीचे आयुष्यच तासाभराचे असल्याने त्यापूर्वी तिची जागा सांगणे कोणालाही शक्य नसते. एखादा खासगी अंदाजकर्ता आठ-दहा दिवस आधी मार्चमधील पावसाची तारीख, वेळ व गाव छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याकडे याच दृष्टीने पाहावे.

विजांसाठी स्वतंत्र व्यवस्था आहे. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे भ्रमणध्वनी उपयोजन वापरणाऱ्याच्या २० ते ४० किमी परिघातील विजांची सूचना देते. मेंढपाळ, ऊसतोड मजूर आणि भिगवण-कुंभारगाव भागात रोहित पक्षी पाहण्यासाठी सुट्टीच्या दिवशी उजनीच्या पाण्यात होड्या नेणारे नावाडी यांना पावसाच्या आकड्यापेक्षा ही सूचना अधिक उपयोगाची आहे.

== गावाच्या नावाचा अंदाज ==

शेतीसाठी हवामानाचा विचार पुण्यातच प्रथम संघटितपणे सुरू झाला. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामानशास्त्र विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजूनही ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. १९३२ मध्ये तेथे डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी-हवामानशास्त्र शाखा सुरू झाली. जमिनीलगतच्या हवेचे तापमान व पिकांच्या उंचीवरील सूक्ष्म हवामान यांवर तिने केलेले काम जगभर ओळखले जाते. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था १९६२ मध्ये स्थापन झाली. बारामती तालुक्यातील माळेगाव येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था २००९ पासून आहे. दुष्काळ, उष्णता, गारपीट यांसारख्या ताणांचा पिकांवरील परिणाम हा तिचा विषय होय.

अंदाजाचे क्षेत्र या काळात क्रमाक्रमाने लहान होत गेले. उपविभागाकडून जिल्ह्याकडे आणि जिल्ह्याकडून तालुक्याकडे तो आला. २०१८ पासून अनेक कृषी विज्ञान केंद्रांत जिल्हा कृषी-हवामान केंद्रे उघडण्यात आली, परंतु ती २०२४ मध्ये बंद करण्यात आली. त्याच वर्षी २४ ऑक्टोबर रोजी पंचायत राज मंत्रालय व हवामान विभाग यांनी ग्रामपंचायत स्तरावरील अंदाज सुरू केला. त्यामुळे पिंपळीसारख्या गावालाही स्वतःच्या नावाने पाच दिवसांचा व तासागणिक अंदाज मिळू लागला. तो ‘ई-ग्रामस्वराज’ या संकेतस्थळावर व ‘मेरी पंचायत’ या उपयोजनात पाहता येतो.

गावाचे नाव आले म्हणजे अंदाज गावाएवढा सूक्ष्म झाला, असे मात्र नव्हे. संख्यात्मक प्रारूपे पृथ्वीचा पृष्ठभाग चौकटींत विभागतात व प्रत्येक चौकटीसाठी एक मूल्य काढतात. हवामान विभागाचे जागतिक प्रारूप अनेक वर्षे १२ किमीच्या चौकटींवर चालत होते. अशा एका चौकटीचे क्षेत्र १४४ चौ. किमी, म्हणजे बारामती शहर आणि भोवतालची बरीच गावे एकत्र मावतील एवढे होते. २६ मे २०२५ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या ‘भारत फोरकास्टिंग सिस्टीम’मध्ये चौकट ६ किमीची झाली. क्षेत्र चौपटीने कमी झाले, तरी काही किलोमीटर रुंदीचा गडगडाटी ढग त्या चौकटीत स्वतंत्रपणे उमटत नाही. त्याचा परिणाम सूत्रांद्वारे अंदाजे धरला जातो. शेजारच्या दोन गावांना सारखेच आकडे दिसत असतील, तर त्याचे कारण हे आहे.

रडारच्या बाबतीत अडचण भूमितीची आहे. मुंबईच्या कुलाबा येथील डॉप्लर रडारपासून बारामती सरळ रेषेत सुमारे २०० किमी आहे. रडारचा किरण क्षितिजापेक्षा थोडा वर रोखलेला असतो आणि पृथ्वीचा पृष्ठभाग वक्र असल्याने दूर जाताना तो जमिनीपासून आणखी वर जातो. अर्ध्या अंशाच्या कोनात निघालेला किरण २०० किमी अंतरावर सुमारे चार किलोमीटर उंचीवर असतो. ढगाचा माथा त्याला दिसतो. ढगाखाली खरोखर काय पडत आहे, ते दिसत नाही. वाटेत सह्याद्रीही आहेच.

जमिनीवरील मोजमापात अधिक सुधारणा झाली आहे. राज्य शासनाच्या ‘महावेध’ प्रकल्पाखाली खासगी भागीदारीतून महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली असून त्यांची संख्या राज्यभरात दोन हजारांहून अधिक आहे. ही केंद्रे पाऊस पडून गेल्यावर तो मोजतात. अंदाजाच्या पडताळणीसाठी त्यांचा उपयोग आहे, परंतु त्यांच्या नोंदीचे खरे वजन विम्याच्या वेळी जाणवते.

== शेतीवरील परिणाम ==

सर्वाधिक जोखीम द्राक्षांची असते. मण्यांत पाणी उतरल्यानंतर, म्हणजे ते मऊ होऊन साखर भरू लागल्यावर, पावसाचे पाणी सालीतून व मुळांतून शोषले जाते आणि मणी तडकतात. तडकलेल्या मण्यांवर बुरशी येऊन संपूर्ण घड खराब होतो. सरी थांबल्यानंतरही दमट हवेत भुरी व केवडा या रोगांचा धोका राहतो. यावर फवारणी करावी, तर निर्यातीच्या मालात औषधाचा अंश राहू नये म्हणून फवारणी व तोडणी यांत ठरावीक दिवसांचे अंतर ठेवावे लागते. त्यामुळे अंदाज खोटा ठरला तरी नुकसान होते: पावसाच्या भीतीने फवारले आणि पाऊस आला नाही, तर तोडणी लांबते आणि बाजारभाव हातचा जातो; घाईने कच्चा माल तोडला, तर गोडी कमी भरते. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र हवामानानुसार बागायतदारांसाठी नियमित सल्ला प्रसिद्ध करते. प्लास्टिकचे आच्छादन हा प्रभावी उपाय असला, तरी तो खर्चीक असल्याने सर्वांच्या आवाक्यातील नाही.

ज्वारीचे नुकसान कमी बोलले जाते. काढणीस आलेली कणसे भिजली की दाणा काळा पडतो व त्याला भाव राहत नाही. त्याहून मोठा फटका कडब्याला बसतो. कापून रानात पसरलेला किंवा गंज रचण्याच्या बेतात असलेला कडबा भिजला, की काळा पडून कुजतो आणि जनावरे तो खात नाहीत. जिरायती भागात उन्हाळ्याची वैरण म्हणजे हा कडबाच. अशा घरात शुक्रवारच्या अंदाजाचा अर्थ फार व्यवहारी असतो: उद्याच्या आत मजूर मिळवून पेंढ्या बांधाव्यात आणि ताडपत्री शोधावी.

गहू वाऱ्याने लोळतो व भिजलेल्या दाण्याची चकाकी जाते. फेब्रुवारीत हरभऱ्याच्या पानांवरील आंबट खार पावसाने धुऊन जातो आणि ढगाळ हवेत घाटेअळी वाढते. उन्हाळी कांदा काढून पातीसह रानात वाळत टाकलेला असतो. भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही. डाळिंबात फुलगळ व तेल्या रोगाचा, तर आंब्यात मोहोर करपण्याचा व कैऱ्या गळण्याचा धोका असतो.

उसाला स्वतःला या पावसाने फारसे काही होत नाही, एखादे पाणी वाचतेही. परंतु मार्च हा गाळप हंगामाचा शेवटचा टप्पा असतो. रान ओले झाले, की भरलेल्या गाड्या फडातून निघत नाहीत व तोडणी थांबते. मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड मजुरांची कुटुंबे पाचटाच्या व प्लास्टिकच्या कोप्यांत राहतात. रात्रीच्या वादळात त्यांचा निवारा, धान्य व सरपण एकाच वेळी भिजते. वीटभट्ट्यांवर वाळत ठेवलेल्या कच्च्या विटांचा अर्ध्या तासात पुन्हा चिखल होतो. या दोन्ही नुकसानींना पीकनुकसानीच्या तक्त्यात रकाना नसतो.

लाभही थोडा आहे. नांगरटीस योग्य ओल मिळते, चराऊ रानांत चार हिरव्या काड्या येतात आणि उष्मा दोन-तीन दिवस कमी होतो.

== उल्लेखनीय घटना ==

२०१४ च्या फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांत वारंवार गारपीट झाली. एकापाठोपाठ आलेले पश्चिमी झंझावात आणि समुद्रावरून होणारा बाष्पपुरवठा दीर्घकाळ टिकला, हे तिचे वैशिष्ट्य होते. एरवी अशी स्थिती दोन-तीन दिवसांत निवळते. रब्बीची पिके व फळबागा यांची मोठी हानी झाली, पशुपक्षीही मोठ्या संख्येने दगावले. ५ मार्च रोजी लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू झाल्याने मदतीच्या निर्णयांसाठी निवडणूक आयोगाची संमती घ्यावी लागली. माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने त्याच वर्षी गारपिटीची कारणे, हानी व गारपिटीनंतरचे पीकव्यवस्थापन यांवर तांत्रिक पुस्तिका प्रसिद्ध केली. मोडलेल्या फांद्यांची छाटणी, जखमांवर बुरशीनाशक, नव्या फुटीसाठी खत असे गारपिटीनंतर करावयाचे उपाय अशा साहित्यात असतात. गारांविषयीचे बहुतेक लेखन हानीच्या वर्णनावरच थांबते.

रविवार, ११ फेब्रुवारी २०१८ रोजी जालना, बीड व विदर्भाच्या काही भागांत गारपीट झाली. मार्च २०२३ मध्ये अवकाळी पावसाचे दोन टप्पे आले: पहिला होळीच्या सुमारास, तर दुसरा १५ ते १९ मार्चदरम्यान, ज्यात १८ व १९ तारखेचे शनिवार-रविवार येतात. दुसऱ्या टप्प्याचा अंदाज आधी दिलेला होता. परंतु जुन्या निवृत्तिवेतनाच्या मागणीसाठी १४ ते २० मार्च या काळात राज्य कर्मचाऱ्यांचा संप सुरू असल्याने नुकसानीचे पंचनामे रखडले.

== पंचनामे व विमा ==

गारपीट ही केंद्राच्या आपत्तींच्या यादीत आहे. अवेळी पाऊस व वीज कोसळणे यांचा समावेश राज्य शासनाने ३० जानेवारी २०१४ च्या शासन निर्णयाने राज्याच्या यादीत केला. मदतीसाठी महसूल, कृषी व ग्रामविकास या खात्यांचे गावपातळीवरील कर्मचाऱ्यांनी केलेला पंचनामा आधार धरला जातो. सर्वसाधारण निकषानुसार पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असावे लागते.

विम्याची पद्धत वेगळी आहे. द्राक्ष, डाळिंब, आंबा आदींसाठी असलेल्या हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत बाग कोणी पाहत नाही. महसूल मंडळासाठी नेमलेल्या संदर्भ हवामान केंद्रावर ठरलेल्या काळात ठरलेल्या प्रमाणापेक्षा अधिक पाऊस नोंदला गेला, तरच भरपाई देय होते. पंचनाम्यातील विलंब व मानवी हस्तक्षेप यांपासून ही पद्धत मुक्त आहे. पण ढग काही किलोमीटर रुंदीचा आणि मंडळात गावे अनेक, त्यामुळे बागेवर पडलेला पाऊस केंद्रावर पडेलच असे नाही. उलटही घडते: केंद्र भिजते व बाग कोरडी राहते. अंदाजात गाव आणि चौकट यांच्यात जी तफावत आहे, तीच येथे बाग आणि केंद्र यांच्यात पुन्हा उभी राहते. मात्र अंदाजातील तफावतीची भरपाई सावधगिरीने काही अंशी करता येते, विम्यातील तफावतीवर शेतकऱ्याच्या हाती उपाय नाही.

गारपिटीसाठी फळपीक विम्यात जादा हप्ता भरून स्वतंत्र संरक्षण घ्यावे लागते. त्यात बागेची पाहणी होते, परंतु नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत देणे बंधनकारक असते. राज्य शासनाची कार्यालये २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांच्या आठवड्याने चालतात. शनिवारी संध्याकाळी गारा पडल्या, तर या ७२ तासांपैकी पहिले दीड दिवस सुट्टीतच जातात आणि मुदत मंगळवारी संध्याकाळी संपते. शेतकऱ्यांनी अशा वेळी कार्यालय उघडण्याची वाट न पाहता दूरध्वनीवरून किंवा पीकविमा उपयोजनातून सूचना नोंदवावी आणि तारीख-वेळ दिसेल अशी छायाचित्रे घेऊन ठेवावीत.